हत्यारबंदी, भीती आणि भाव : पेण-रोह्यातून पाहिलेला इतिहास

निवडणूक जाहीर झाली की पेण आणि रोह्याच्या पोलीस ठाण्यांत एक दृश्य दर वेळी दिसते. आसपासच्या गावांतले परवानाधारक शेतकरी आपापल्या बंदुका घेऊन येतात. काही काडतुसाच्या, काही जुन्या ठासणीच्या. हवालदार नंबर पाहतो, परवान्याशी पडताळतो, पावती देतो आणि बंदूक कोठडीत जाते. पूर्वी या बंदुका सरसकट जमा होत. आता निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे जिल्ह्याची छाननी समिती कोणाचे हत्यार जमा करावयाचे ते ठरविते. २०१९ च्या विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला झाले, २०२४ चे २० नोव्हेंबरला. हे भात पिकण्या-कापण्याचे दिवस. पिकाच्या राखणीसाठी म्हणून जी बंदूक सरकारने दिली ती नेमकी पीक उभे असताना सरकारच्याच कोठडीत असते. रानडुकराला आचारसंहिता लागू नाही.

सरकारला या बंदुकीची भीती का वाटावी, असा भाबडा प्रश्न मी विचारणार नाही. निवडणुकीत दहशत होते, हे आपल्या वस्त्यांना कोणी सांगावयास नको. मला दुसरे विचारावयाचे आहे. बंदूक आणि दारूगोळा बाजारात किती यावा, कोणाला मिळावा, काय किमतीला मिळावा हे या देशात कोणाच्या भीतीने ठरले?

अमेरिकेत हा प्रश्न उलट्या बाजूने दिसतो. तेथे २००८ च्या नोव्हेंबरात बराक ओबामा निवडून आले, आणि आता कायदा कडक होणार या धास्तीने लोकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूकच्या शाळेत मुले मारली गेली, बंदीची चर्चा सुरू झाली आणि पुढचे वर्षभर पॉइंट बावीसची साधी काडतुसेसुद्धा दुकानातून नाहीशी झाली. जी मिळत ती चढ्या भावाने. गिऱ्हाईक सरकारला भ्याले, म्हणून भाव चढला. आपल्याकडे सरकार गिऱ्हाइकाला भ्याले, आणि म्हणून दुकानच बंद झाले. तेथील टंचाई काही महिन्यांची असते. येथील टंचाई पावणेदोनशे वर्षांची आहे, आणि तिच्या झळा सगळ्या जातींना सारख्या लागलेल्या नाहीत.

पेशवाई बुडाली तेव्हा डोंगरी किल्ल्यांची शिबंदी मोडली. या शिबंदीत आणि किल्ल्यांच्या घेऱ्यात रामोशी, कोळी, महार यांची माणसे असत. रोह्याजवळचा अवचितगड आणि सुरगड, पेणजवळची सांकशी हे आज गिर्यारोहकांचे किल्ले आहेत. एके काळी ते खालच्या जातींच्या पोटापाण्याचे ठिकाण होते. इंग्रजांनी किल्ले निकामी केले आणि हत्यार चालविणारी माणसे बिनकामाची झाली. पुरंदर परिसरातला उमाजी नाईक १८२६ नंतर पाच वर्षे सरकारला भारी पडला तो याच मोडलेल्या नोकरीतून. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिले गेले. घाटावरच्या बंडाचे लोण बोरघाट उतरून कोकणात येते हे इंग्रजांनी तेव्हाच ओळखले होते. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झाले आणि किनाऱ्यावरचे उरलेसुरले शिपाईही घरी बसले.

पुढे सत्तावन्न आले. त्याच वर्षी हत्यारांच्या विक्रीवर आणि बाळगण्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला, १८६० मध्ये तो वाढविला गेला, आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत प्रसिद्ध हत्यारांचा कायदा आला. आपले इतिहासकार या कायद्याचा उल्लेख देशी वर्तमानपत्रांच्या मुस्कटदाबीच्या कायद्याबरोबर करतात आणि पुढे जातात, कारण वर्तमानपत्रे कोणाची होती हे उघड आहे. पण १८७८ या एकाच वर्षात आणखी दोन कायदे झाले. एक जंगलाचा, दुसरा मुंबई इलाख्याचा अबकारीचा. पेण आणि रोह्याच्या डोंगरपट्टीत उभे राहून हे चारही कायदे एकत्र वाचावेत. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्या कातकऱ्याचे, ठाकराचे आणि महाराचे जंगल गेले, ताडीमोहाची दारू गेली आणि हातातले हत्यारही परवान्याखाली गेले. चारही कायद्यांमागे एकच विचार होता : जे प्रजेजवळ आहे ते सरकारच्या परवानगीनेच असावे.

१८७८ च्या कायद्याने बंदूक बनविणे, दुरुस्त करून रूप पालटणे आणि विकणे हे परवान्यावाचून गुन्हा ठरविले. एवढेच नव्हे, तर शिसे, गंधक आणि सोरा यांनाही युद्धसामग्रीत धरण्याची सोय त्यात होती. ठासणीच्या बंदुकीला याच तीन वस्तू लागतात. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू, आणि शिशाचे छर्रे. म्हणजे बंदूक हातात राहिलीच तर तिच्या पोटात घालावयाचे जिन्नसही सरकारच्या मुठीत. गावचा लोहार नळी ठोकून देई, चाप बसवून देई, ती विद्या गुन्हेगारीत जमा झाली.

आता भावाकडे पाहू. १८८२ मध्ये सरकारने खुल्या व्यापाराच्या नावाखाली आयात मालावरील जवळजवळ सगळी जकात उठविली. मँचेस्टरचे कापड मोकळे झाले. मात्र मीठ, मद्य आणि हत्यारे यांच्यावरची जकात राहिली. मीठ आणि मद्याचे समजू शकते, त्यांतून तिजोरी भरते. हत्यारांवरची जकात पैशासाठी नव्हती. ती राजकीय होती, आणि सरकारी लेखकांनी ते लपविलेले नाही. १८९४ च्या जकात कायद्यात बंदुकीमागे ५० रुपये आणि पिस्तुलामागे १५ रुपये असा आकार आहे. मालाच्या किमतीवर टक्केवारी नव्हे, नगामागे ठोक रक्कम. त्यामुळे स्वस्त बंदुकीची किंमत कित्येक पटींनी वाढे आणि उंची विलायती बंदुकीच्या किमतीत फारसा फरक पडत नसे. साहेबाच्या दुनळीला ५० रुपये म्हणजे काही नव्हे. येथे रोज चार आणे मजुरी धरली तरी ५० रुपये म्हणजे दोनशे दिवसांची मजुरी, आणि ती केवळ जकातीपोटी. ज्या महार शिपायाने ब्रिटिशांची बंदूक खांद्यावर वाहिली त्याचा पगार १८९५ पर्यंत महिना सात रुपये होता. सरकारी खर्चाने तो बंदूक चालवायला शिकला. स्वतःसाठी घ्यावयाची म्हटले तर नुसत्या जकातीला सात महिन्यांहून अधिक पगार.

यात सूट होती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना परवान्याची गरज नव्हती, आणि संस्थानिक, पदवीधारी, सरकारच्या मर्जीतले मोठे जमीनदार यांनाही सवलती होत्या. रंगावर आधारलेली सूट पहिल्या महायुद्धानंतर गेली. मानमरातबावर आधारलेली सवय मात्र गेली नाही. परवाना देताना कलेक्टर ‘इज्जतदार’ माणूस पाही. कुलाबा जिल्ह्यात इज्जत कोणाकडे होती? खोताकडे, इनामदाराकडे, सावकाराकडे. महार वेसकर रात्री वेशीवर पहारा करी तो काठीच्या बळावर. गावाचा वसूल तालुक्याच्या कचेरीत पोहोचविण्याचे कामही महारांकडे. सरकारचा पैसा ज्याच्या डोक्यावर निर्धास्तपणे दिला जाई त्याच्या हातात बंदूक देण्याची मात्र सरकारला धास्ती वाटे. ही धास्ती कोण्या महाराच्या बंडातून आलेली नव्हती.

बंड झाले ते दुसऱ्यांचे. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी उठाव केला. फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे, म्हणजे याच कुलाबा जिल्ह्याचे. त्यांचे सोबती प्रामुख्याने रामोशी. त्या वर्षीच्या मे महिन्यात दौलतराव नाईकाच्या टोळीने पळस्पे आणि चिखली ही गावे लुटली. पळस्पे पनवेलहून पेणला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुस्तकांतून फडके आद्य क्रांतिकारक म्हणून येतात ते योग्यच आहे. पण त्यांच्या बंडातला हत्याराचा प्रश्न कोणी नीट मांडत नाही. हत्यारांचा कायदा होऊन वर्षही झाले नव्हते. पैसा असता तरी बंदुका विकत घ्यावयाच्या कोठून? तलवारी, भाले आणि थोड्या बंदुका यांवर टोळ्या उभ्या राहिल्या, आणि लष्कराच्या सुधारलेल्या बंदुकांपुढे त्या टिकल्या नाहीत. जुलैत फडके पकडले गेले. रामोशी मेले, पकडले गेले, विसरले गेले.

भ्यालेल्या सरकारने पुढे फौजेचीही फेरवाटणी केली. लढवय्या जातींचा सिद्धांत निघाला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला ज्यांची नावे दगडात कोरली त्यांच्या नातवंडांना सांगितले गेले की तुमची जात लढाऊ नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर हे स्वतः लष्करी पेन्शनर. त्यांनी १८९४ मध्ये भरतीसाठी अर्ज तयार केला. नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी तोच लढा पुढे नेला. १९१७ मध्ये, महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १११ वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये पुन्हा युद्ध, पुन्हा टंचाई, आणि बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बंदुकीचा पुरवठा कसा चालतो ते या तीन तारखांत दिसते. राज्यकर्त्यांना बाहेरच्या शत्रूची भीती वाटली की हत्यार आपल्या हातात येते. आतल्या प्रजेची भीती वाटली की ते काढून घेतले जाते.

दक्षिणेला, रोह्याच्या सरहद्दीला लागून जंजिऱ्याच्या नवाबाचे संस्थान होते. फणसाडचे जंगल ही नवाबाची शिकारीची राखीव जागा. १९८६ मध्ये ती अभयारण्य झाली. शिकार म्हटली की बंदूक नवाबाची, नवाबाच्या पाहुण्यांची. हाकारा करणारे, जनावराच्या तोंडावर जाणारे आदिवासी. जंगलाची सर्वांत जास्त माहिती ज्याला, हत्यार सर्वांत कमी त्याच्याकडे. तिरकमठा त्याच्या हाती राहिला, तोही वन कायद्याच्या डोळ्यांत सलणारा.

पिकाच्या राखणीचा प्रश्नही इथेच येतो. भाताची चांगली जमीन गावाजवळ, खाडीकडे. नाचणी-वरीची वरकस जमीन डोंगराच्या अंगाला, जंगलाला चिकटून. डुक्कर पहिले शिरते ते डोंगराच्या शेतात. पण त्या शेतातला माणूस कोण? रायगडच्या डोंगरांत दळी जमिनी म्हणून एक प्रकार आहे. कातकरी आणि ठाकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्या कसतात, पण जमीन वनखात्याची; २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर त्यांच्या दाव्यांची लढाई सुरू झाली. सातबाऱ्यावर नाव नाही, तर पीकसंरक्षणाच्या परवान्याचा अर्ज कशाच्या आधारावर करणार? १९५९ च्या कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. कायदा उदार आहे. पण तो तलाठ्याच्या दप्तरातून, पोलिसांच्या अहवालातून आणि अलिबागच्या कचेरीतून वाट काढीत येतो, आणि वाटेत तो सातबारेवाल्याचा होतो. ज्याला परवाना मिळत नाही तो एक तर रात्रभर माळ्यावर डबा वाजवीत बसतो, नाही तर चोरीची ठासणी करून घेतो. पाइपाची नळी, घरची दारू. ती कधी डुकरावर उडते, कधी उडविणाऱ्याच्या तोंडावर. डुकरबॉम्बची गोष्ट तर विचारूच नये. चोरट्या बंदुकीची किंमत अशी दोनदा मोजावी लागते, एकदा रोखीने आणि एकदा कोर्टात.

पेणच्या उत्तरेला चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन सरकारी जंगलात शिरले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मेले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. एक मामलेदारही त्या गोंधळात मारला गेला. जंगल कायदा आणि १८७८ चा हत्यार कायदा त्या दिवशी एकाच डोंगरावर समोरासमोर आले : एका बाजूला तोडायला बंदी असलेले लाकूड, दुसऱ्या बाजूला बाळगायला बंदी असलेली बंदूक, आणि दोन्हींचा मालक एकच.

राष्ट्रीय चळवळीने हत्यारबंदीचा प्रश्न लावून धरला हे खरे आहे. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. गांधींच्या १९३० च्या अकरा मागण्यांतही संरक्षणासाठी हत्यारांचे परवाने ही एक होती. पण इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले असे म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी आपल्या धर्माने कोणाला निःशस्त्र केले होते हे विचारले नाही. ते बाबासाहेबांनी विचारले. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’च्या भाषणात त्यांनी मांडले की चातुर्वर्ण्याने शूद्रातिशूद्रांना शस्त्र आणि विद्या दोन्ही नाकारली, म्हणून या देशात सामाजिक क्रांती झाली नाही, युरोपात दुबळ्यांना लष्करी सेवा, मताधिकार आणि शिक्षण ही साधने मिळाली म्हणून ते उठू शकले. लिटनच्या कायद्याच्या कितीतरी आधी एक हत्यार कायदा येथे होता. त्याला कलमे नव्हती, पण त्यात सूटही कोणाला नव्हती.

आता एक अडचणीची गोष्ट. याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना परिषदेत हत्यार बाळगण्याचा मूलभूत हक्क मान्य करावयास नकार दिला. ह. वि. कामत यांनी तशी उपसूचना मांडली होती. आपले काही तरुण मित्र ही विसंगती समजतात. मला ती तशी वाटत नाही. १९४८ मध्ये सरसकट हक्क दिला असता तर खेड्यात पहिली बंदूक कोणी विकत घेतली असती? चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध शेती न करण्याचा संप चालविला. पेणपासून ते गाव काही फार दूर नाही. त्या संपात खोतांकडे हक्काच्या म्हणून वाटेल तितक्या बंदुका असत्या, तर संप सहा वर्षे चालला असता काय? हत्यार मोकळे केले की ते बाजारभावाने जाते, आणि बाजारभाव परवडणारी जात ठरलेली आहे. १९३६ चे आणि १९४८ चे बाबासाहेब दोघेही एकाच ठिकाणी उभे आहेत, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, भीती राहिली. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रे आणि दारूगोळा हे क्षेत्र सरकारने आपल्याकडे ठेवले. बारा बोअरची काडतुसे खडकीच्या सरकारी कारखान्यातून येऊ लागली. नवा हत्यार कायदा १९५९ चा, अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून. पुढे १९८० च्या दशकात, देशात अतिरेकी कारवायांची धास्ती वाढली तेव्हा, खाजगी व्यापारासाठी विलायती बंदुकांची आयात बंद झाली. परिणाम मासलेवाईक झाला. जुनी विलायती बंदूक जुनी होत गेली तसतशी महाग होत गेली, कारण तिच्या जागी नवी येणार नव्हती. ज्या घरांनी आजोबांच्या काळी परवाना मिळविला होता त्यांच्या खुंटीवरचे लोखंड संपत्ती झाले. वारसाने परवाना मागता येतो, म्हणून ती संपत्ती घरात राहते. ज्यांच्या आजोबांना बंदुकीकडे पाहण्याचीही परवानगी नव्हती त्यांना वारसा कशाचा?

१९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथरची मुले उघडपणे बंदुका घेऊन ओकलंडच्या रस्त्यांवर पोलिसांच्या मागे फिरू लागली. कायद्याने तसे करता येत होते. मग मलफर्ड कायदा आला आणि भरलेली बंदूक उघड बाळगणे बंद झाले. सही गव्हर्नर रोनाल्ड रेगनची. बंदुकीचे स्वातंत्र्य मिरविणाऱ्या देशात काळ्या माणसाच्या हातात ती दिसताच कायदा बदलायला काही महिने पुरले. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी पँथरचे नाव घेतले, बंदूक घेतली नाही. नुसत्या नावानेसुद्धा सरकार दचकले.

एवढ्या सगळ्या इतिहासात एकच जागा अशी आहे की जेथे कायद्याने भीतीचे तोंड फिरविले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. त्यातला तिसरा नियम कार्यकर्त्यांनी पाठ करावा असा आहे. ज्या भागात अत्याचाराची शक्यता आहे तेथे अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे हत्यार परवाने रद्द करावेत, ती हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत, आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यांच्या जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी हत्यार परवाने द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. लिटनने जे केले त्याच्या बरोबर उलट. दलितांना बंदुका वाटा, अशी माझी मागणी नाही. बंदुकीने वस्ती सुरक्षित होते यावर माझा विश्वासही नाही. पण निवडणुकीच्या नावाने जी यंत्रणा चार दिवसांत बंदुका गोळा करू शकते, ती यंत्रणा वस्तीवर बहिष्कार पडला असताना हीच कारवाई करीत नसेल, तर कारण यंत्रणेच्या ताकदीत शोधू नये.

रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या सुमारास निघते तेव्हा सशस्त्र पोलीस देवाला मानवंदना देतात. इंग्रजी अमलापासूनची ती रीत आहे. सरकारी बंदुका देवापुढे उभ्या राहतात. त्या कोणाकोणापुढे उभ्या राहिल्या याचा हिशेब मात्र आपल्यालाच मागावा लागेल. पेण आणि रोह्याच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी २००५ च्या माहिती अधिकाराखाली अलिबागच्या जिल्हाधिकारी कचेरीकडे चार आकडे मागावेत : दोन्ही तालुक्यांत चालू असलेले परवाने किती, त्यांपैकी पीकसंरक्षणाचे किती, अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांचे मंजूर किती आणि नामंजूर किती, आणि १९९५ पासून आजवर तिसऱ्या नियमाखाली रद्द केलेले परवाने किती. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.